न्यायनिवाडे कोणाच्या मालकीचे?

'कायदा ठाऊक नव्हता' ही सबब कोणत्याही न्यायालयात चालत नाही. तेव्हा कायदा जाणून घेण्याची सोय सर्वांना असली पाहिजे, हे ओघानेच आले. कायदा म्हणजे केवळ संसदेने संमत केलेली कलमे नव्हेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. म्हणजे निवाडा हाही कायदाच होय.

पूर्वी हे निवाडे वकिलांच्या कपाटांतील जाडजूड ग्रंथांत असत. सामान्य माणसाला ते विकत घेणे परवडत नसे. वस्तुतः १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, न्यायालयाने मनाई केली नसेल तर निकालपत्र कोणीही छापू शकतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. प्रकाशकाने स्वतः रचलेल्या सारांशावर त्याचा हक्क राहतो. मूळ निकाल मात्र सर्वांचा.

परंतु मालकी सर्वांची असली, तरी खर्च कोणी करायचा? निकाल गोळा करणे, लावून ठेवणे, शोधण्याची सोय करणे यांस पैसा लागतो. निरनिराळ्या देशांनी याची निरनिराळी उत्तरे शोधली. ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये सिडनीतील दोन विद्यापीठांनी 'ऑस्टली' हे मोफत भांडार उभारले. कॅनडात 'कॅनली'चा भार वकिलांच्या संस्था उचलतात. इंग्लंडमध्ये २०२२ पासून राष्ट्रीय अभिलेखागार ही सेवा देते. आपल्याकडे 'इंडियन कानून' हे संकेतस्थळ २००८ मध्ये खाजगी प्रयत्नातून सुरू झाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'ई-एससीआर' मोफत खुले केले.

यांपैकी कोणताही मार्ग निर्दोष नाही. खाजगी उपक्रम चालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहतो. विद्यापीठाचे अनुदान आटू शकते. न्यायालये मुळातच जनतेच्या करांवर चालतात. म्हणून मूळ निकाल मोफत देणे हे शासनाचे कर्तव्य मानावे, आणि सारांश वा टीपा यांची किंमत प्रकाशकांनी खुशाल घ्यावी, असे मला वाटते. मात्र खुलेपणालाही मर्यादा हवी. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे, ती पाळलीच पाहिजे.

आणखी एक अडसर भाषेचा. अनुच्छेद ३४८ अन्वये वरिष्ठ न्यायालयांचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते. जमिनीचा दावा उच्च न्यायालयात हरलेल्या शेतकऱ्याला आपण का हरलो, हे स्वतः वाचता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे काही निवाडे आता मराठीत उपलब्ध होत आहेत. पण इंग्रजी पाठच अधिकृत समजला जातो, आणि भाषांतर बिनचूक व्हावे म्हणून जाणकार माणसे लागतात. त्यांच्या मानधनाचीही तरतूद याच खर्चात धरली पाहिजे. न्यायालयाचे दार उघडे असून भागत नाही. आत काय ठरले, ते दाराबाहेरच्या माणसाला समजले, तरच न्याय झाला असे तो म्हणू शकेल.