इंग्रजींतील ‘बाय’ : एक लहान शब्द



आपल्या पालघर भागांत ‘बाय’ अशी हाक ऐकूं आली, म्हणजे ती घरच्या लेकीला किंवा माउलीला आहे असें आपण समजतों. परंतु बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील कागदांवर दुसराच एक ‘बाय’ भेटतो. तो इंग्रजी आहे. शब्द लहान, पण त्याचा अर्थ चुकल्यास माणसाचें मोठें नुकसान होतें. म्हणून आज त्याचा विचार करूं.

आमच्या ओळखीच्या एका तरुणास एका कारखान्याकडून पत्र आलें. सोमवारीं ‘बाय इलेव्हन’ हजर राहावें, असें त्यांत होतें. ‘बाय म्हणजे जवळ’ असें तो शाळेंत शिकला होता. तेव्हां अकराच्या जवळपास जावें असा अर्थ लावून तो साडेअकराला फाटकाशीं पोंचला. नांवें घेण्याचें काम अकरा वाजतांच बंद झालें होतें. परत येऊन तो आम्हांस म्हणाला, “पाळकसाहेब, अर्थ तर मला ठाऊक होता.” खरेंच ठाऊक होता, पण पुष्कळ अर्थांपैकीं एकच.

मराठींतील शब्दयोगी अव्यय नामाच्या नंतर येतें. जसें, घराजवळ, सोमवारपर्यंत. इंग्रजींत तें नामाच्या आधीं येतें. म्हणून ‘बाय’ दिसतांच अर्थ ठरवूं नये. पुढचा शब्द पाहावा. तोच अर्थ सांगतो.

१. पुढें स्थळ असल्यास ‘जवळ’. ‘तारापूर स्टँड्स बाय द सी’, म्हणजे तारापूर समुद्राजवळ आहे.

२. पुढें काम करणारा असल्यास ‘नें’ किंवा ‘कडून’. ‘द फोर्ट वॉज टेकन बाय द मराठाज’, म्हणजे किल्ला मराठ्यांनीं घेतला. तारापूरचा किल्ला त्यांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून घेतला, हें आपणांस ठाऊक आहेच. येथें एक सावधगिरी ठेवावी. ‘शेतकऱ्यानें विळ्यानें भात कापला’ या वाक्यांत मराठी ‘नें’ दोनदां येतो. इंग्रजींत शेतकऱ्यापूर्वीं ‘बाय’ येतो, पण विळ्यापूर्वीं ‘विथ’. कर्ता व हत्यार हीं तेथें वेगळीं ठेवितात.

३. पुढें वाहन असल्यास ‘नें’. ‘बाय ट्रेन’, म्हणजे आगगाडीनें.

४. पुढें माप असल्यास लांबी-रुंदी. बोईसरला भाड्याची खोली ‘दहा बाय बारा’ची मिळते, तो हाच ‘बाय’.

५. पुढें वेळ असल्यास मुदत. ‘बाय इलेव्हन’ म्हणजे अकरापूर्वीं, फार तर अकराच्या ठोक्याला, नंतर नाहीं. मराठींत आपण ‘अकरापर्यंत’ म्हणतों; पण आपला ‘पर्यंत’ दोन कामें करितो. ‘सोमवारपर्यंत अर्ज द्या’ यांत मुदतीच्या आंत एकदां करावयाचें काम आहे, तेथें ‘बाय’. ‘सोमवारपर्यंत थांबा’ यांत तोंवर चालू राहणारी गोष्ट आहे, तेथें ‘टिल’. सेमिनरींत असतां आम्हीं एकदां लिहून दिलें कीं, निबंध ‘टिल मंडे’ देऊं. शिक्षक हसून म्हणाले, “सोमवारपर्यंत रोज देत राहणार काय?” तो धडा आम्ही विसरलों नाहीं.

६. पुढें मजुरीचा हिशेब असल्यास फार जपावें. ‘बाय डे’ म्हणजे दिवसा. ‘बाय द डे’ म्हणजे रोजाच्या हिशेबानें. मध्यें एक ‘द’ आला कीं अर्थ पालटतो. ‘पेड बाय द डे’ असें लिहिलें असेल, तर ती दिवसपाळीची हमी नव्हे. मजुरी रोजावर मोजली जाईल, एवढाच त्याचा अर्थ. ‘बाय द मंथ’ म्हणजे महिन्यावर. ‘बाय द पीस’ म्हणजे नगावर, जितके नग तितके पैसे. सही करण्यापूर्वीं या शब्दांवर बोट ठेवून अर्थ विचारावा. विचारण्यांत लाज नाहीं. न समजतां सही केल्यानें मात्र महिनाअखेरीस घरांत भांडण होतें.

अभ्यासासाठीं तीन वाक्यें देतों. प्रत्येकांत ‘बाय’च्या पुढें काय आहे तें मुलांनीं ओळखावें व वडीलधाऱ्यांस मराठींत सांगावें :

‘कम बाय बस.’
‘पे द फी बाय फ्रायडे.’
‘द लेटर वॉज रिटन बाय माय सिस्टर.’

उत्तरें : बसनें ये. शुक्रवारपर्यंत फी भर. पत्र माझ्या बहिणीनें लिहिलें.

त्या तरुणास पुढें दुसऱ्या ठिकाणाहून पत्र आलें. या वेळीं तो आदल्या संध्याकाळींच तें घेऊन आमच्याकडे आला. त्यांत ‘बाय नाइन’ असें होतें. आम्हीं कांहीं सांगण्यापूर्वींच तो म्हणाला, “म्हणजे साडेआठाला फाटकाशीं.”