दुखणं अंगावर काढायचं नाही

बारामती समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, इंदापूर त्याहूनही थोडं खाली. ऊस, कालवे, उजनीचा फुगवटा आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा, असा हा आमचा मुलूख. इथे खेळाची शिक्षिका म्हणून नोकरी केली आणि सुट्ट्या डोंगरात घालवल्या. लडाखमधलं ६,२५० मीटरचं कांग यात्से-२ हे शिखर माझ्या विशेष ओळखीचं. २०२० पासून स्तोक कांगरी गिर्यारोहणासाठी बंद झालं आणि पहिल्यांदाच सहा हजारी शिखर करू पाहणाऱ्यांचा ओघ इकडे वळला. कंपनीकडे पैसे भरून गाईडबरोबर जायचं तर काय लक्षात ठेवायचं, हे विचारायला दोन्ही तालुक्यांतून मुलं-मुली, नोकरदार, बागायतदार घरी येतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. पायांची तयारी सपाटीवर होते, हवेची होत नाही

डोंगर नाही म्हणून अडून बसू नका. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने पहाटे सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून चाला. दहा-बारा किलो पुरेत. रविवारी पुरंदर नाहीतर सिंहगड गाठा आणि वर पोचल्यावर बाटल्या रिकाम्या करून उतरा, म्हणजे गुडघे शाबूत राहतील. आतकरवाडीतून सिंहगडाची चढाई जेमतेम सहाशे मीटरची आहे. कांग यात्सेच्या शेवटच्या रात्री त्याच्या जवळपास दुप्पट चढायचं असतं आणि लगेच तेवढंच उतरायचं. म्हणून निघण्याआधीच्या महिन्यात सिंहगड एका दिवसात लागोपाठ दोनदा करून बघा.

विरळ हवेची तयारी मात्र इथे राहून होत नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. तिथे कोणाचं शरीर कसं वागेल हे ट्रॅकवर किंवा तालमीत कळत नाही. तालमीत घुमलेला गडी साडेचार हजारांवर आडवा पडतो आणि पन्नाशीतली बँकेत काम करणारी बाई एकेक पाऊल टाकत वर जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बरेचदा तर तगडेच आधी आजारी पडतात. त्यांना सावकाश चालणं जमत नाही.

२. लेहमध्ये दोन दिवस काही करायचं नाही

सकाळी पुण्याहून विमानात बसलेला माणूस त्याच दिवशी ३,५०० मीटरवर उतरतो. शरीराला हे कळायला वेळ लागतो. दोन दिवस जेवा, पाणी प्या, बाजारात हळूहळू फिरा. दुसऱ्याच दिवशी भाड्याची बुलेट घेऊन खारदुंग ला ही खिंड गाठायचा बेत कोणी आखला तर त्यात सामील होऊ नका.

पुढचा नियम सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. चिलिंगपासून मारखा खोऱ्यातून चालत गेलं की स्क्यू, मारखा, हांकर असे मुक्काम बऱ्यापैकी याच हिशेबात बसतात. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगून.

३. डोकं दुखत असेल तर त्याच घटकेला सांगा

आमच्याकडे दुखणं अंगावर काढणं हा गुण समजतात. ताप असला तरी शेतीची वीज रात्री येते म्हणून माणूस रात्रीच दारं धरायला जातो. घरातली बाई तर दुखणं सांगतच नाही, कारण सांगून काही होत नाही हे तिला ठाऊक असतं. हा काटकपणा आम्हाला जगवत आला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण साडेचार हजार मीटरच्या वर तोच जिवावर उठतो.

एका मोहिमेत इंदापूर तालुक्यातला एक तरुण होता. मनमिळाऊ, कष्टाळू, चालायला सगळ्यांच्या पुढे. निमालिंगच्या कुरणावर आम्ही पोचलो तेव्हा आमची उंची ४,७०० मीटरच्या वर गेली होती. संध्याकाळी गाईडने प्रत्येकाला विचारलं, "डोकं? भूक? झोप?" हा म्हणाला, "एकदम ओके." बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायच्या आधी त्याने चारपाच दीर्घ श्वास ओढून घेतले. असं केलं की आकडा थोडा वेळ चांगला येतो, आणि ही युक्ती प्रत्येक तुकडीत कोणीतरी करतंच. सकाळी तो तंबूच्या दारात बसून बूट घालत होता. डाव्या बुटाची नाडी हातात धरली, फास केला, तो निसटला. पुन्हा धरली, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा नाडी हातातच राहिली आणि तो तिच्याकडे नुसता बघत बसला. मी विचारलं, "काय रे, काय होतंय?" तर म्हणाला, "काही नाही बाई, जरा झोप झाली नाही."

मी तशीच गाईडकडे गेले. त्याने त्याला उभं केलं आणि पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तोल गेला. चहासुद्धा न घेता गाईडने एक मदतनीस आणि एक घोडा त्याच्याबरोबर देऊन त्याला हांकरच्या वाटेला लावलं. खाली उतरल्यावर संध्याकाळपर्यंत तो जेवायला लागला. पुढे त्याने सांगितलं की डोकं आदल्या दुपारपासून फुटत होतं. पैसे भरलेत, गावात सत्कार ठरलाय, आता मागे कसं फिरायचं म्हणून तो गप्प राहिला होता.

नुसती डोकेदुखी, मळमळ, मेलेली भूक हा विरळ हवेचा साधा त्रास आहे. तो झाला तर वर जायचं थांबवायचं, एखादा दिवस विश्रांती घ्यायची, आणि बहुतेकांना तेवढ्याने बरं वाटतं. तो दडवून वर चढत राहिलं तर मेंदूला सूज येते, झोक जातो, बोलणं असंबद्ध होतं. किंवा छातीत पाणी भरतं, बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला थांबत नाही. या दोन्हींत काही तासांत माणूस जाऊ शकतो. ऑक्सिजन, आणि मेंदूच्या सुजेत डेक्सामेथासोन, थोडा वेळ मिळवून देतात. खरा उपाय एकच, खाली उतरणं. आणि उतरवायचं कोणाला हे गाईडला कळायचं तर तुम्ही तोंड उघडायला हवं.

एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखी नाही. रात्री शेजारच्याचा श्वास वाढत वाढत जातो, मग काही सेकंद थांबतो, आणि एकदम मोठा उसासा येऊन पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं काळीज हलतं. उंचीवर झोपेत बहुतेकांचं असं होतं.

४. स्वयंपाकाच्या तंबूत जाऊन बसा

आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. दिंडीतला वारकरी मुक्कामाला पोचतो तेव्हा राहुटी उभी असते आणि चुलीवर आमटी उकळत असते, कारण ट्रक आणि स्वयंपाकाची माणसं त्याच्या आधी पुढे गेलेली असतात. मोहीम अगदी अशीच चालते. आपण रमतगमत पोचतो तोवर घोडेवाल्यांनी सामान उतरवलेलं असतं, तंबू लागलेले असतात आणि आचाऱ्याने सूप चढवलेलं असतं. तो सगळ्यांत शेवटी झोपतो आणि सगळ्यांत आधी उठतो. वारीत त्या माणसांना आपण माउली म्हणून हाक मारतो. इथेही त्यांची नावं पहिल्याच दिवशी पाठ करा आणि अहो-जाहो करा.

निमालिंगला पाणी चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. घरून पोतंभर फराळ नेऊ नका, वर गोडाचा वीट येतो. शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि भाजलेले शेंगदाणे न्या. खिचडीवर चटणीची चिमूट पडली की न जेवणारेही दोन घास खातात. लडाखी आचारीही ती आवडीने मागून घेतात.

आणि ताट कोणाचं कसं परत आलं याकडे आचाऱ्याचं बारीक लक्ष असतं. निमालिंगला आजारी पडलेल्या त्या तरुणाने आदल्या रात्री काही खाल्लं नव्हतं, हे आचाऱ्यांना आमच्या आधी माहीत होतं. तेव्हापासून मी रोज रात्री त्यांना विचारते, आज कोण जेवलं नाही.

५. बायकांनी आणि मुलींनी हे वाचावं

उंची, थंडी आणि श्रम यांनी पाळी अलीकडे-पलीकडे होते, म्हणून तारखेचा हिशेब करून निर्धास्त राहू नका. सामान जवळच्या सॅकमध्ये ठेवा, घोड्यावरच्या बॅगेत नको. वापरलेलं सगळं जाड पिशवीत बांधून लेहपर्यंत परत न्यायचं. शौचाचा तंबू लांब आहे म्हणून मुली संध्याकाळी पाणी पिणंच सोडतात, हे मी शाळेतही पाहत आले आणि डोंगरातही. पाणी कमी पडलं की डोकं धरतं, आणि मग ती डोकेदुखी उंचीची की तहानेची हे कोणालाच सांगता येत नाही. दिवसाला तीन-चार लिटर प्याच. रात्री जाताना शेजारणीला उठवा. गाईड पुरुष असला तरी पाळी आल्याचं त्याला सांगा. चांगल्या गाईडला यात काहीच वेगळं वाटत नाही.

६. दोरावरची माणसं अनोळखी असतात

१९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. २०१२ मध्ये गिरिप्रेमी या संस्थेच्या आठ जणांनी एव्हरेस्ट केलं, आणि १५ मे २०१९ रोजी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली याच संस्थेचे दहा गिर्यारोहक कांचनजुंगाच्या माथ्यावर उभे राहिले. संस्थेच्या मोहिमांमागे सह्याद्रीतली वर्षानुवर्षांची सोबत असते. जोडीदाराची चाल बदलली की शेजारच्याला न सांगता कळतं. पैसे भरून गेलेल्या तुकडीत आपली ओळख लेहच्या हॉटेलात झालेली असते. तुम्ही एरवी किती बोलता, कसे चालता, हे तिथे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून संस्थेच्या मोहिमेत जे न बोलता चालून जातं ते इथे बोलूनच दाखवावं लागतं.

तळावर गाईड बर्फाच्या उतारावर सराव घेतात: क्रॅम्पॉन बांधून चालणं, आइस ॲक्सने घसरण थांबवणं, जुमार दोरावर सरकवणं. हार्नेसचा पट्टा दुसऱ्याकडून तपासून घ्या. तुम्ही कितीही शिकलेले असलात तरी गाईड ओढून बघतो, त्याला ओढू द्या.

७. शेवटची रात्र

तळ साधारण ५,१०० मीटरवर. रात्री दहा-अकराला निघायचं, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतं. आधी अंधारात दगडगोट्यांची चढण, मग क्रॅम्पॉन बांधायची जागा, तिथून दोर आणि उभा उतार. बोलणं बंद होतं, पुढच्याच्या बुटाएवढाच उजेड दिसतो. पाण्याची बाटली जाकिटाच्या आत ठेवा, सॅकच्या बाहेर लावलीत तर गोठते. बोटं बधिर वाटली की लगेच ओरडून सांगा. उजाडल्याबरोबर काळा गॉगल लावा, नाहीतर बर्फावरच्या उन्हाने डोळे पोळतात.

परत फिरायची वेळ आधीच ठरलेली असते. ती झाली आणि गाईड म्हणाला, "बस, अब नीचे," की वळायचं. माथा दिसत असला तरी वळायचं. तिथे हुज्जत घालणारे पाहिले आहेत. त्यांना वाटतं, आपण पैसे भरलेत म्हणजे निर्णय आपला. गाईडला तुमच्या चढण्याइतकीच तुमच्या उतरण्याची ताकद मोजावी लागते, आणि ती शिलकीत ठेवणं हीच त्याची विद्या आहे. माथ्यावर पोचलात तर शेजारीच कांग यात्से-१ ची ६,४०० मीटरची धार दिसते. ती डोळे भरून बघा, फोटो काढा आणि उतरायला लागा.

८. पैसे भरण्याआधी विचारा

उसाच्या बिलाचा हप्ता यायची वाट बघून, नाहीतर पतपेढीचं कर्ज काढून आमची मुलं हे पैसे उभे करतात. म्हणून कंपनीला विचारताना भीड नको. शेवटच्या रात्री एका गाईडमागे किती जण? गाईडने उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग अशा कुठल्या संस्थेत प्रशिक्षण घेतलं आहे? तळावर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का? हवा बिघडली तर एक राखीव दिवस धरला आहे का? आचारी, मदतनीस आणि घोडेवाल्यांचा विमा कोण काढतं? एखाद्याला मध्येच खाली न्यावं लागलं तर त्याच्याबरोबर जायला जादा माणूस आहे, की बाकीच्यांची मोहीम तिथेच संपते?

शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरी कंपनी बघा. खाली जाणाऱ्यासाठी माणूस आधीच ठरलेला असेल तर आजारी पडलेल्याला सगळ्यांचा खोळंबा केल्यासारखं वाटत नाही, आणि तो वेळेवर बोलतो.