धर्मग्रामाचे दप्तर

तळोजा, ता. पनवेल

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

रविवारच्या मिस्सावेळी वाचन करण्याचे काम तुझ्याकडे आले व पाठोपाठ वसईच्या तुमच्या धर्मग्रामात पॅरिश कौन्सिलवरही तुझी नेमणूक झाली, हे वाचून संतोष वाटला. परंतु 'आता चर्चचा कारभार आमच्या हाती' असे जे तू उत्साहाच्या भरात लिहिलेस, त्यासंबंधी वेळीच चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

सहावे पोप पॉल यांनी 1972 साली वाचक व वेदीसेवक ही पदे गृहस्थांस खुली केली आणि 2021 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी ती स्त्रियांसही दिली. पण ती पदे बिशपांनी विधिपूर्वक दिलेली व कायमची, तुझी नेमणूक मात्र हंगामी. तू पहिले किंवा दुसरे वाचन करावेस, शुभवर्तमान व प्रवचन धर्मगुरूंकडे वा डिकनांकडे सोपवावे, आणि वाचनाच्या आधी स्वतःचे निरूपण जोडण्याचा मोह (हल्ली तो फार बोकाळला आहे) आवरावा. कौन्सिलचे मतही सल्ल्यापुरतेच. जमाखर्चासाठी निराळी समिती असणे मात्र 1983 च्या धर्मसंहितेने सक्तीचे केले आहे, तेव्हा धर्मगुरूही सर्वस्वी मुखत्यार नव्हेत.

खरी सेवा करावयाची असेल तर दप्तराकडे लक्ष दे. आमच्या या वसाहतींत गोव्याची, मंगळूरची, केरळची आणि आपल्या वसईची कुटुंबे नोकरीपायी किंवा परवडणाऱ्या घराच्या आशेने येऊन राहिली. मुंबई महाधर्मप्रांताच्या कक्षेत त्यांचा संसार थाटला गेला, पण त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद राहिली मूळ गावच्या वहीत. त्या नोंदीच्या समासात पुढे दृढीकरण, विवाह किंवा गुरुदीक्षा यांचा उल्लेख होत असतो, म्हणूनच लग्नाच्या वेळी जुना जपून ठेवलेला कागद चालत नाही, नव्याने काढलेला दाखला लागतो. आणि लग्न इथे लागले तरी इथल्या धर्मगुरूंना ते वसईस कळवावे लागते, तिथे कोणीतरी समासात लिहिले तरच ती नोंद पुरी होते. आडनावाच्या एका वेलांटीपायी वधूपक्षाची धावाधाव झालेली मी पाहिली आहे.

तेव्हा धर्मगुरूंची परवानगी घेऊन जुन्या वह्यांची नामसूची करावयास घे. अक्षर तुझे चांगले आहे. वही मात्र कचेरीबाहेर नेऊ नकोस, एका रात्रीपुरतीसुद्धा.

तुझ्या मामेबहिणीच्या लग्नासाठी तिचा दाखला हवा आहे. अर्ज मी रीतसर प्रमुख धर्मगुरूंच्या नावे धाडला आहे. तो तुझ्यामार्फत पाठवला नाही, याचा राग मानू नकोस. ताईस माझा नमस्कार.

तुझा,
मामा