अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेश आणि गुणांची सरासरी

आपल्या समाजातील पुष्कळ घराण्यांची एक फांदी आता अमेरिकेत रुजली आहे. तिकडे वाढलेली नातवंडे डॉक्टर होऊ म्हणतात आणि इकडून आजोबा टेलिफोनवर सल्ला देतात. आमच्या परिचयाच्या एका घरी असेच झाले. नातीला कॉलेजच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात ‘डी’ मिळाला. आजोबा म्हणाले, “त्यात काय एवढे! पुन्हा बस परीक्षेला. चांगले मार्क पडले की जुने कोण विचारतो?” आपल्याकडील श्रेणीसुधाराच्या परीक्षा पाहता हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. नातीने विषय पुन्हा घेऊन ‘ए’ मिळविला. कॉलेजानेही जुना ‘डी’ सरासरीतून वगळला. पण वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज भरताना तो ‘डी’ पुन्हा पुढे येऊन उभा राहिला.

आपल्याकडे बारावीनंतर ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळतो. अमेरिकेत बहुतेक विद्यार्थी आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि मगच वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळतात. तेथे ‘एमकॅट’ ही प्रवेशपरीक्षा असते खरी, परंतु तिच्या जोडीला पदवीच्या सर्व वर्षांची सरासरीही पाहिली जाते. ही सरासरी कॉलेजाने छापून दिलेली नव्हे! एम.डी. पदवी देणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज ‘ॲमकास’ या मध्यवर्ती सेवेमार्फत जातात. विद्यार्थ्याने आपला प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट व श्रेणी स्वतः भरावयाची. सेवेचे लोक ती कॉलेजांच्या गुणपत्रकांशी ताडून पाहतात आणि सर्वांस एकच नियम लावून सरासरी नव्याने काढतात. निरनिराळ्या कॉलेजांचे निरनिराळे हिशेब एका तराजूत यावेत, हा त्यामागचा हेतू.

गणित सोपे आहे. ‘ए’ला ४, ‘ए वजा’ला ३.७, ‘बी अधिक’ला ३.३, ‘बी’ला ३, ‘सी’ला २, ‘डी’ला १ आणि ‘एफ’ला शून्य. काही कॉलेजे ‘ए अधिक’ला ४ हून जास्त देतात, येथे त्यालाही ४च. हा अंक विषयाच्या क्रेडिटने गुणावा, सर्व गुणाकारांची बेरीज करावी आणि एकूण क्रेडिटने भागावे. एका क्रेडिटच्या विषयात ‘ए’ आणि चार क्रेडिटच्या विषयात ‘सी’ मिळाला, तर सरासरी ३ होत नाही. ४ आणि ८ मिळून १२, भागिले ५, म्हणजे २.४ होते. मोठ्या विषयातील घसरण लहान विषयाने भरून निघत नाही, हे मुलांच्या ध्यानी फार उशिरा येते. ज्या कॉलेजांत तिमाही पद्धत आहे, तेथील क्रेडिट दोन-तृतीयांश करून सत्राच्या क्रेडिटमध्ये बदलतात. केवळ ‘उत्तीर्ण’ असा शेरा असलेले विषय सरासरीत धरीत नाहीत.

आता पुन्हा घेतलेल्या विषयाकडे वळू. ‘ॲमकास’ दोन्ही प्रयत्न मोजते. चार क्रेडिटचा ‘डी’ व चार क्रेडिटचा ‘ए’ मिळून २० अंक, भागिले ८, म्हणजे २.५. ऑस्टिओपॅथी शाखेच्या मध्यवर्ती सेवेत पूर्वी फक्त शेवटचा प्रयत्न धरीत असत, पण २०१७ साली तीही सवलत गेली. जुनी माहिती ऐकून आजही कोणी तसे सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. टेक्सासमधील सरकारी महाविद्यालयांची सेवा निराळी असून ती अधिक-वजा चिन्हे मानीत नाही. तेथे ‘ए वजा’ला पूर्ण ४, पण ‘बी अधिक’ला ३च.

याशिवाय जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान व गणित यांची सरासरी वेगळी काढतात. संख्याशास्त्र गणितात जाते. मानसशास्त्र आणि इंजिनियरिंग मात्र ‘इतर’ विषयांत. इंजिनियरिंग करून वैद्यकाकडे वळणाऱ्या मुलांना हे वर्गीकरण थोडे जाचक वाटते, आणि आमच्या मते त्यांची तक्रार अगदीच गैरवाजवी नाही.

भारतात बी.एस्‌सी. करून तिकडे गेलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. परदेशी विद्यापीठातील श्रेणी या सरासरीत येत नाहीत, आणि अनेक महाविद्यालये अमेरिकेत किंवा कॅनडात केलेला अभ्यास मागतात. येथील प्रथम वर्ग तेथे आपोआप कामास येईल, असे धरून निघू नये.

त्या नातीचा हिशेब असा झाला. पहिल्या वर्षी ३० क्रेडिट, सरासरी २.८, म्हणजे ८४ अंक. पुढील तीन वर्षांत ९० क्रेडिट, सरासरी ३.८, म्हणजे ३४२. एकूण ४२६ भागिले १२०, म्हणजे ३.५५. कॉलेजाच्या कागदावर, ‘डी’चे चार क्रेडिट व चार अंक वगळून, ३.६४ होते. तरीही, प्रत्येक वर्षाची सरासरी अर्जात वेगळी दिसत असल्याने तिची चढती रेघ वाचणाऱ्यास दिसली असणार. धाकटा नातू आता कॉलेजात आहे. आजोबा त्याला मार्क विचारण्याआधी विचारतात, “विषय किती क्रेडिटचा रे?”