नकाशा गावाच्या पारावर

पारनेर तालुक्यातल्या सुपा परिसरात भूगोल शिकवता शिकवता भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, हा विषय वर्गाबाहेर नेण्याची धडपड मी बरीच वर्षं करतो आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जगभर जीआयएस दिन पाळला जातो. १९९९ पासूनची ही प्रथा. आम्ही तो पारावर साजरा करतो. शाळेत पालक येतात आणि ऐकून जातात, पारावर मात्र गाव हुज्जत घालतं. त्या हुज्जतीतून हाती लागलेलं इथे मांडतो.

१. व्याख्या नंतर, वस्ती आधी.
इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ पडद्यावर उघडायचं आणि काही न बोलता नगर-पुणे रस्त्यावरून सरकत यायचं. एमआयडीसीची लांबलचक छपरं दिसतात, कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसतात, मग हंगा नदी. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारतं, “गुरुजी, आमची वस्ती कुठंशी?” तो प्रश्न येईपर्यंत थांबावं. आपली विहीर सापडली की माणूस पुढे सरकून बसतो आणि मग तास-दोन तास उठत नाही.

२. थर हाताने काढायला लावावेत.
जीआयएसचं सगळं मर्म थरांत आहे. एकाच जागेविषयीची वेगवेगळी माहिती एकावर एक अचूक बसवायची आणि मग प्रश्न विचारायचे. आमची मुलं हे आधी ट्रेसिंग पेपरवर करतात. एका कागदावर गटांच्या हद्दी, दुसऱ्यावर ओढे-नाले, तिसऱ्यावर समोच्च रेषा, चौथ्यावर विहिरी. चारही कागद एकत्र धरून खिडकीच्या उजेडात पाहिले की मुलं एकदम बोलू लागतात. पाझर तलाव कुठे आहे आणि त्याचा फायदा कुठल्या गटांना होतो; कुठला ओढा बांधाखाली दाबला गेलाय.

आमचं पठार समजण्याची याहून चांगली वाट मला सापडलेली नाही. पारनेर तालुक्यातला पाऊस दोन दिशांना फुटतो. कान्हूर पठाराच्या उत्तर उतारावरचं पाणी मुळेत जातं, तिथून प्रवरेत आणि गोदावरीत. सुप्याकडचं पाणी हंगेतून विसापूरच्या तलावाकडे आणि पुढे भीमेच्या खोऱ्यात, म्हणजे शेवटी कृष्णेत. समोच्च रेषांवरून बोट फिरवत ही पाणलोट रेषा स्वतः शोधलेलं मूल ती विसरत नाही. पाणी अडवायचं तर ते कुठून येतं आणि कुठे निघालंय, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

थर एकमेकांवर ठेवण्याचं हेच काम कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० च्या दशकात संगणकाकडे सोपवलं. अवाढव्य देशाच्या जमिनीचे नकाशे हातांनी एकमेकांवर ठेवून तपासणं माणसांच्या आवाक्यातलं नव्हतं. आज ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शाळेच्या साध्या संगणकावर चालतं. ट्रेसिंग पेपर हाताळलेल्या मुलांना ते समजावून सांगावं लागत नाही.

३. विहिरी मोजाव्यात, आणि मोजलेलं गावात लावावं.
लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरं नकाशावर मांडली. खुणांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती होती. साथ हवेतून पसरते असं मानणाऱ्या काळात पाण्याकडे बोट दाखवणारा तो पुरावा होता. ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो, कारण आमचा प्रश्नही पाण्याचाच आहे.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पण निरीक्षण विहिरी मोजक्याच असतात. आपल्या बेसॉल्टमध्ये तर शेजारशेजारच्या दोन विहिरींचं पाणी वेगळं वागतं, एकीला भेगाळलेला थर लागलेला असतो आणि दुसरीला घट्ट काळा पाषाण. म्हणून मुलं दोरी आणि मोजपट्टी घेऊन गावातल्या विहिरी मोजतात; मोठं माणूस सोबत असल्याशिवाय कुणी काठाजवळ जायचं नाही. मेमधला नकाशा रंगवला की कोरडा पट्टा आपोआप पुढे येतो, आणि त्याच पट्ट्यात बोअर किती झाले हा प्रश्न कुणाला तरी सुचतोच.

पुढचं पाऊल नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दाखवलंय. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा निर्णय त्यांनी ग्रामसभेत घेतला आणि पाळला. मोजणीचे आकडे दप्तरात बंद राहिले असते तर असा निर्णय कुणी मानला नसता.

४. फोनवरून बांधाचा निवाडा करू नये.
नकाशा पाहिल्यावर पहिला मोह हाच होतो, म्हणून हे आधीच सांगून टाकावं. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, बाजू साधारण दहा मीटर. फोनचा जीपीएस उघड्या रानातसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो. म्हणजे गुंठ्याची निम्मी रुंदी गेली! १८३५ च्या सुमारास इंदापुरात मुंबई इलाख्याची महसूल मोजणी सुरू झाली. तेव्हापासून आपले नकाशे साखळीने, टिपणाने, नंतर प्लेन टेबलने घडत आले. ते उपग्रहचित्रावर ठेवले की हद्दी थोड्या सरकलेल्या दिसतात. त्यावरून शेजाऱ्याच्या अंगावर जाऊ नये. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच मागवावी.

५. उपग्रहाला न दिसणारं गावातल्या माणसांना विचारावं.
“ह्यो नकाशा वरून बघतो, हिरीत वाकून बघत न्हाई,” असं एका आजींनी सुनावलं होतं. कुठल्या विहिरीचं पाणी वैशाखापर्यंत पुरतं, कुठलं मचूळ, टँकर आला की आधी कुठल्या आळीत रांग लागते, हे बायकांना पाठ असतं. मेंढपाळांना माळावरची जुनी वाट ठाऊक असते. ही माहिती विहिरीच्या खुणेमागच्या तक्त्यात सांगणाऱ्याच्या शब्दांत भरावी. आमच्या नकाशातला सर्वांत मोलाचा रकाना तोच आहे.

६. शेतकरी जीआयएस वापरतोच आहे, हे त्याला सांगावं.
१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून फोटो काढला की पिकाबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. ती नोंद सातबाऱ्यावर जाते आणि उद्या नुकसानभरपाई मागताना उपयोगी पडते. फोटो नेमका आपल्याच गटात उभं राहून का काढायचा, हे समजलं की शेतकरी जागा तपासूनच बटण दाबतो.

७. नकाशावर तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव घालावं.
सुप्याची जुनी आणि नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवली की माळाच्या जागी कारखाने उभे राहिलेले दिसतात. इतक्या वेगाने बदलणाऱ्या जागेचा बिनतारखेचा नकाशा दिशाभूल करतो. आमचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असतो. मेची मोजणी झाली की वरचा थर बदलतो. जुना थर मुलं पुसत नाहीत, संगणकात खाली ठेवतात. त्यामुळे दहावीतल्या मुलीला ती पाचवीत असताना तिच्या घरच्या विहिरीला किती पाणी होतं हेही पाहता येतं. येत्या जानेवारीच्या मोजणीला बोअरच्या खोलीचा नवा थर घ्यायचा आहे, त्यासाठीचे कोरे तक्ते वाटून झालेत.