आधी उधारीची वही, मग एआय

बारावीचा निकाल लागला की माझा फोन गरम होतो. यंदा सगळ्यांचा प्रश्न एकच : "सर, एआयचा कोर्स लावू का? दीड लाख फी सांगतायत." मुलाला आज काय येतं, असं विचारलं की पलीकडे शांतता.

गेल्या आठवड्यात एक किराणा दुकानदार मुलाला घेऊन आले. मुलगा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. डेटाबेसशी बोलायचं एसक्यूएल कितपत येतं, असं मी त्याला विचारलं. उत्तर वडिलांनी दिलं, "ते जुनं झालं ना आता?"

जुनं आहेच. एसक्यूएल ज्यावर उभं आहे ते रिलेशनल मॉडेल आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडलं १९७० मध्ये. पण हा प्रश्न विचारायला ज्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तुम्ही माझी वेळ घेतलीत, त्याचे मेसेज तुमच्या फोनात एसक्यूएलाइटच्या टेबलांमध्येच पडलेले आहेत.

मुलाला कागद दिला आणि दुकानातली उधारीची वही टेबलांत मांडायला सांगितली. त्यानं एकच टेबल काढलं : नाव, माल, रक्कम, बाकी. मग वडीलच म्हणाले, "अरे, आपल्या गल्लीत दोन पाटील काकू आहेत." झालं, प्रायमरी की कशाला लागते ते त्याला कळलं. पुढं ग्राहक, उधारी आणि जमा अशी तीन टेबलं झाली. 'बाकी'चा रकाना त्यानं स्वतःच खोडला, कारण ती दोन्ही नोंदींवरून काढता येते.

मग मी एआयकडूनच बाकी काढणारी क्वेरी मागवली. ती आली, चालली, एररही नाही. एका पाटील काकूंच्या दोनदोनशेच्या तीन उधाऱ्या आणि शंभरशंभरचे दोन भरणे, म्हणजे बाकी ४००. क्वेरी म्हणाली ६००. तीन ओळींना दोन ओळी जोडल्या की सहा होतात. उधारी दुप्पट मोजली गेली, जमा तिप्पट. आधी दोन्हींची वेगवेगळी बेरीज करायची आणि मग जॉईन करायचं, एवढीच गोष्ट. पण ही चूक ज्याला दिसते त्याला पगार मिळतो. काकूंना ती लगेच दिसेल, हा भाग वेगळा.

वेब, मोबाइल अ‍ॅप, टेस्टिंग, अ‍ॅनालिटिक्स, कुठंही जा, डेटाबेस आडवा येणारच. मोंगोडीबीही शिका, नंतर. एआयही शिका, त्याच्याही नंतर.

पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस फुकट आहे, घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. 'जनरेट सिरीज' वापरून एका ओळीत दहा लाख नोंदी तयार करा, त्यातली एक शोधा आणि क्वेरीआधी 'एक्सप्लेन' लावून बघा : अख्खं टेबल चाळलं जातंय. इंडेक्स टाका, पुन्हा बघा. हा फरक एकदा स्वतःच्या स्क्रीनवर दिसला की मुलाखतीत पाठांतर लागत नाही.

आणि ट्रान्झॅक्शन. पहिल्या नोकरीत मला एका पतसंस्थेच्या एका सभासदाचा पत्ता बदलायचा होता. 'अपडेट' लिहिलं, 'व्हेअर' विसरलो, एंटर मारलं. क्षणात सगळे सभासद एकाच घरात राहायला आले. आधी 'बिगिन' लिहिलं असतं तर 'रोलबॅक'नं निभावलं असतं. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून नोकरी राहिली.

आता पालकांशी. शेजारच्या मुलाचं पॅकेज, भाच्याचं सर्टिफिकेट, क्लासवाल्याचा 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा बोर्ड, हे तुम्ही रोज जेवताना वाढता. मुलगा मग शिकत नाही, तुम्हाला दाखवायला कोर्स शोधतो. त्या दुकानदारांनी माझ्यासमोर मुलाला तीनदा अडवलं. चौथ्यांदा मी त्यांना चहा सांगायला बाहेर पाठवलं. तेवढ्या दहा मिनिटांत मुलगा पहिल्यांदा पूर्ण वाक्यं बोलला.

"मग सहा महिन्यांत नोकरी लागेल?" त्यांनी जाताना विचारलंच. नाही सांगता येत, म्हणालो. दिवाळीपर्यंत दीड लाख बँकेत राहू द्या आणि दुकानाची उधारी याच्या डेटाबेसमध्ये चालवून बघा. वहीही ठेवा. दोन्हींचा हिशेब दर रविवारी जुळवायचा, आणि जुळला नाही तर चूक त्यानं शोधायची, तुम्ही नाही.