जठराचा कर्करोग : ‘लवकर सापडला’ एवढ्यावर थांबू नका, पेशीचा प्रकार विचारा



वस्तीत कुणाला पोटाचा कर्करोग निघाला की घरोघरी तुलना सुरू होते. “शेजारच्या काकांचा रोग नुसत्या दुर्बिणीतून काढला, थोड्याच दिवसांत माणूस घरी आला. मग आपल्या वहिनींचं ऑपरेशन कशाला? त्यांचाही लवकरच सापडलाय ना?” मनात संशय शिरतो. ऑपरेशन पुढे ढकलले जाते, कुणी झाडपाला सुचवतो, कुणी देवऋषी, आणि हातातली वेळ निघून जाते. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पेशीच्या प्रकारात असते. ते आज आपण समजून घेऊ.

‘लवकर’ म्हणजे काय?

जठराची भिंत एकावर एक थरांची असते. कर्करोग सर्वांत आतल्या अस्तरात सुरू होतो. तो अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरातच असेल, तर डॉक्टर त्याला सुरुवातीचा कर्करोग म्हणतात. पण सुरुवातीचा म्हणजे पसरलेला नाहीच, असे नव्हे. जठराभोवती लसिका गाठी असतात; रोग बहुधा आधी तिथे पोचतो. जपानमधील शस्त्रक्रियांच्या नोंदी सांगतात की, रोग फक्त अस्तरात असताना १०० पैकी साधारण २ ते ३ रुग्णांच्या गाठींत तो सापडतो. पुढच्या थरात उतरला की हेच प्रमाण १०० पैकी २० च्या आसपास जाते.

दोन प्रकारच्या पेशी

१९६५ साली फिनलंडच्या लॉरेन यांनी जठराच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात पेशी एकमेकींना धरून राहतात आणि नळ्यांसारखी रचना करतात. रोगाची कड बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. हा प्रकार उतारवयात जास्त आढळतो. पोटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, तंबाखू आणि फार खारवलेले अन्न यांचा त्याच्याशी संबंध आहे.

दुसऱ्या प्रकारात पेशींना धरून ठेवणारा ‘डिंक’च नाहीसा होतो. पेशी सुट्या होतात आणि अस्तराखालून एकेक करून पांगतात. वरून पाहिले तर डाग लहान, आत पसारा मोठा. काही पेशी खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात, म्हणून त्यांना ‘सिग्नेट रिंग’ म्हणतात. हा प्रकार तुलनेने तरुण वयात आणि स्त्रियांमध्येही दिसतो. म्हणून “बाईचं वय काय, तिला कसला कॅन्सर?” असे म्हणून दुखणे अंगावर काढू नये.

उपचार इथेच वेगळे होतात

पेशी पहिल्या प्रकारच्या असतील, रोग अस्तरातच असेल आणि त्यावर व्रण नसेल, तर तो बहुधा दुर्बिणीतून सोलून काढता येतो. व्रण असेल तर ३ सेंटिमीटरची मर्यादा पाळतात. पेशी दुसऱ्या प्रकारच्या असतील तर नियम कडक होतात : २ सेंटिमीटरपर्यंतच, तोही अस्तरातच आणि व्रण नसताना. त्यापलीकडे गेले की जठराचा भाग आणि भोवतालच्या गाठी काढण्याचे ऑपरेशन सुचवतात.

एक बारकावाही लक्षात ठेवा. फक्त सिग्नेट रिंग पेशी असलेला आणि अस्तरातच थांबलेला रोग गाठींत कमी वेळा जातो. दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतील तर धोका वाढतो. म्हणून नुसते नाव ऐकून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

आता काका आणि वहिनी यांच्या उपचारांत फरक का, हे ध्यानात येईल.

एका माओरी कुटुंबाची गोष्ट

न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे याच दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगाने जात होती. शापाची कुजबुजही होती. पण कुटुंबातल्या लोकांनी कारण शोधायचे ठरवले आणि ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांना सोबत घेतले. १९९८ साली कारण सापडले : पेशींना धरून ठेवणारे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातच बिघाड होता. त्यानंतर रक्ततपासणीने धोका कुणाला आहे हे आधीच कळू लागले आणि अनेकांचे प्राण वाचले. दुःखाला कारण असते आणि कारण कळले की मार्ग निघतो, ही तथागतांची शिकवण आपण जाणतोच. आपल्या घरातही दोघा-तिघांना, विशेषतः तरुण वयात, जठराचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत? मिश्र आहेत का?
२. रोग कोणत्या थरापर्यंत गेला आहे?
३. आकार किती? व्रण आहे का?
४. लसिका किंवा रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का?
५. दुर्बिणीतून काढला असेल, तर कडा स्वच्छ आल्या का?

शेवटची दोन उत्तरे काढलेल्या भागाच्या तपासणीनंतरच नक्की कळतात. म्हणून दुर्बिणीने काढल्यावरही कधी ऑपरेशन लागते. ती फसवणूक नव्हे. तुकडा तपासणीचे सर्व कागद एका पिशवीत जपून ठेवा. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला सोबत न्या.

दवाखान्यात कधी जावे?

काही आठवडे अपचन, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, कारण नसता वजन उतरणे, वारंवार उलटी, रक्त कमी होणे यांपैकी काही असेल तर दुर्बीण तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. डांबरासारखी काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच दिवशी जा. मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या घेत राहिल्यास त्रास दबतो, रोग तसाच राहतो.

खर्चासाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. प्रश्न विचारायला संकोच करू नका. आपल्या शरीराविषयी जाणून घेणे हा आपला हक्क आहे.